रस्ता आधी पायांचा

वसंत ऋतूत गावाने एकत्र बसून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्या, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली घालून दिली. तेव्हापासून महाराष्ट्रातील कितीतरी लहानमोठ्या गावांनी ती आपलीशी केली आहे. अशा मालांतून वेदान्तावर बोलले जाते, राजकारणावर आणि साहित्यावरही बोलले जाते. श्रोता सभागृहात आला तो कसा आला आणि रात्री तो घरी कसा पोचणार, याचा विचार मात्र व्याख्यानात सहसा होत नाही. आम्ही आज तोच विषय घेतला आहे. हा विषय रस्त्याचा, आणि त्यातही मोटारीत बसलेल्याचा नसून पायी जाणाऱ्याचा, सायकलस्वाराचा आणि एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या उतारूचा.

कोणी म्हणेल, यात इतिहास तो कसला? रस्ता म्हणजे खडी आणि डांबर, आणि तो बांधकाम खात्याचा प्रश्न. आम्हांस तसे वाटत नाही. रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक काळाने आपापल्या परीने सोडविला आहे. ज्या गोष्टीचे उत्तर काळागणिक बदलते, तिला इतिहास असतोच. नंदुरबारसारख्या गावाला तर तो फार मोठा आहे, कारण हे गाव वाढले तेच मुळी रस्त्यावर.

सुरतेहून बुऱ्हाणपुरास आणि पुढे आग्र्यास जाणारा जुना व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला आणि त्याने आपल्या प्रवासवृत्तात या मुक्कामांची नोंद केली. नवापूरच्या तांदळाचे त्याला मोठे नवल वाटले. दाणा बारीक, बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा सुगंध, असे त्याने लिहून ठेवले आहे. परंतु आमच्या विषयाला अधिक उपयोगी अशी गोष्ट त्याने हिंदुस्थानातील वाटांविषयी एकंदरीने सांगितली आहे. धान्य आणि मीठ वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे असत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला म्हणजे गाडीतून जाणाऱ्या प्रवाशाला तो संपूर्ण निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागे.

वाहतुकीची कोंडी ही आजची नवलाई नव्हे, हे यावरून दिसते. पण त्या कोंडीत थांबत होते कोण, हे पाहण्यासारखे आहे. थांबत होता तो गाडीत बसलेला श्रीमंत व्यापारी, आणि पुढे जात होता तो बैलांबरोबर पायी चालणारा लमाण. बैलाच्या पाठीवरचे धान्य मुलखाला जगवीत होते, म्हणून वाट त्याची. या व्यवस्थेमागे कोणता कायदा नव्हता. संख्या होती, आणि जो मुलखाचे पोट भरतो त्याच्याविषयीची एक मुकी मान्यता होती.

१८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार हा पश्चिम खानदेशचा तालुका राहिला. त्यापूर्वीच, एकोणिसावे शतक सरता सरता, तापी खोऱ्यातून सुरतेकडून अमळनेरकडे जाणारा लोहमार्ग आला होता. तांड्यांचा जुना व्यापार मोडला, माल आगगाडीत चढला आणि गावाचे तोंड स्टेशनाकडे वळले. स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता हा अशा प्रत्येक गावाचा नवा राजमार्ग ठरला. त्यावर टांगे आले, कापसाच्या गाड्या आल्या, हमाल आले. एवढे होऊनही एक गोष्ट बदलली नाही. रस्त्यावरील सर्वांची गती जवळजवळ एकच होती. बैलगाडी माणसाच्या पावलाने चालते, आणि टांगा धावला तरी घोडा हा डोळे असलेला प्राणी आहे. समोर मूल आले तर तो आपण होऊन बुजतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर म्हातारी भाजी विकते आहे, पोरे विटीदांडू खेळत आहेत, ओट्यावर दोघे गप्पा मारीत आहेत आणि मधून गाडी चालली आहे, हे दृश्य कोणाला विपरीत वाटत नसे. रस्ता हे जाण्याचे ठिकाण होते तसेच ते असण्याचेही ठिकाण होते.

रस्त्याचा हा दुसरा अर्थ नंदुरबारला कोणी शिकवायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील शाळकरी मुले तिरंगा घेऊन मिरवणुकीने बाजारातून निघाली. माणेक चौकात पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. शिरीषकुमारचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. त्या बलिदानाचा संबंध आम्ही वाहतुकीच्या नियमांशी जोडू इच्छीत नाही. तसे करणे उथळपणाचे होईल. एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे की, त्या दिवशी परकीय सत्तेने मुलांना जे नाकारले ते गावाच्या हमरस्त्यावर निर्भयपणे चालण्याचे स्वातंत्र्य होते. ज्या गावाने त्याची एवढी किंमत मोजली, त्या गावातील पंधरा वर्षांच्या मुलाला आज हमरस्त्यावरून शाळेत चालत जाताना भय वाटावे काय, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन दशके ही आपल्या भागात सायकलीची आणि एस.टी.ची दशके होत. सायकल त्याआधीही होती, पण ती विलायती आणि म्हणून साहेबाची, डॉक्टराची, वकिलाची. मद्रासला १९४९ साली, सोनपतला १९५१ साली आणि लुधियानाला १९५६ साली सायकलीचे देशी कारखाने उभे राहिले, आणि मग ती मास्तरांच्या, तलाठ्याच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या हाती आली. आम्ही लहानपणी सायकल शिकलो ती भाड्याची. तासाला काही आणे देऊन दुकानातून अर्धी सायकल आणावयाची, एकाने मागून धरावयाचे, दुसऱ्याने पडावयाचे, आणि तास संपण्याच्या आत गुडघे फोडून परत करावयाची. पुढे घरात स्वतःची सायकल आली तेव्हा तिची हळदकुंकू वाहून पूजा झाली. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला देत. दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस हवा सोडून देई. हा जाच वाटे खरा, पण त्यात एक मान्यताही होती. सायकल हे वाहन आहे, तिला रस्त्यावर जागा आहे आणि म्हणून तिला नियमही आहेत, असे सरकार मानीत होते.

एस.टी.ची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास पहिली गाडी निघाली. त्यापूर्वी खासगी मोटारी होत्या. उतारू भरेपर्यंत त्या हलत नसत आणि भाडे माणूस पाहून ठरे. एस.टी.ने वेळापत्रक आणले आणि छापील तिकीट आणले. श्रीमंत-गरीब, सवर्ण-हरिजन, पुरुष-बाई यांना एकाच बाकावर बसविले, आणि तेही कोणाला उपदेश न करता. समाजसुधारणेच्या इतिहासात कंडक्टरच्या टिकटिक करणाऱ्या पंचाला एक ओळ तरी मिळावयास हवी, असे आम्हांस नेहमी वाटते. आज धुळे विभागातील नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा ही आगारे या जिल्ह्याच्या रक्तवाहिन्यांचे काम करीत आहेत. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जाणारी बाई घरच्यांकडे पैसे मागताना पूर्वी जशी अडखळे तशी आता अडखळत नाही. पण गाडीतून उतरल्यावर पुढे काय? प्रत्येक उतारू हा दोन्ही टोकांना पायी चालणारा असतो. एस.टी.चे तिकीट अर्धे केले आणि थांब्यापासून घरापर्यंतची वाट धोक्याची ठेवली, तर आपण निम्मेच काम केले असे होते.

मग हे बिघडले केव्हा आणि कसे? यासाठी जरा बाहेरच्या जगाकडे पाहू.

१८९६ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका बागेच्या आवारात मोटारीखाली सापडून एक स्त्री मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली घटना मानली जाते. चौकशीत तो अपघाती मृत्यू ठरला. तेव्हा लोक हळहळले, कारण रस्त्यावर मरणे ही त्यांना अजून सवयीची गोष्ट नव्हती. पुढे पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेच्या शहरांतून मोटारी हजारोंनी धावू लागल्या आणि मुले चिरडली जाऊ लागली. प्रारंभी लोकांचा रोष मोटारवाल्यांवर होता. वेगावर यांत्रिक बंधन घाला, अशी मागणीही झाली. तेव्हा मोटारीच्या धंद्यातील मंडळींनी एक चतुर युक्ती केली. रस्त्यातून मनास येईल तसा चालणारा मनुष्य म्हणजे गावंढळ, अशा अर्थाचा एक हेटाळणीचा शब्द त्यांनी रूढ केला. शाळांतून, वर्तमानपत्रांतून तो पसरविला. आणि १९२५ साली लॉस एंजलिस शहराने पादचाऱ्याला ठराविक जागीच रस्ता ओलांडण्याचे बंधन घालणारा नियम केला. पुढे इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. हजारो वर्षे रस्त्याचा धनी असलेला मनुष्य एका पिढीत रस्त्याचा अपराधी ठरला.

आपल्याकडे मोटारीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली आणि सध्याचा १९८८ साली. परंतु खेड्यापाड्यांतील रस्त्याचे रूप पालटले ते मोटारीने नव्हे, फटफटीने. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेली, थोड्या तेलात पुष्कळ चालणारी हलकी मोटारसायकल बाजारात आली. तिच्या यशस्वी कारखान्यांपैकी एक तर लुधियानाच्या त्याच सायकलवाल्या घराण्याचा होता. ज्या हातांनी सायकल दिली त्याच हातांनी तिचा उत्तराधिकारी दिला, असेच म्हणावे लागेल. आम्ही मोटारसायकलीला शिव्या देणार नाही. शेतकऱ्याला तिने बाजार जवळ आणला, आजाऱ्याला दवाखाना जवळ आणला. आक्षेप एवढाच की, रस्त्यावर नवा आणि वेगवान पाहुणा आला, तेव्हा घरातील जुन्या माणसांसाठी खोली राखून ठेवावी लागते, हे आपण विसरलो. रस्ता रुंद केला तो झाडे तोडून आणि ओटे पाडून. रुंद झालेल्या भागात कोठे गाड्या उभ्या राहिल्या, कोठे लोटगाड्या, कोठे दुकानाची पायरी पुढे आली, आणि पायी जाणारा मनुष्य डांबराच्या मध्यावर ढकलला गेला.

याचा हिशेब आकड्यांनी मांडता येतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी ३२,८२५, सायकलस्वार ४,८३६ आणि दुचाकीवरील माणसे ७४,८९७. म्हणजे दर तीन मृतांत दोन असे होते की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नव्हते. नुसत्या पादचाऱ्यांचाच हिशेब केला तरी दिवसाला नव्वद. एखाद्या एस.टी. गाडीतील नव्वद उतारू एकदम दरीत कोसळले तर देश हळहळेल. तेच नव्वद नव्वद ठिकाणी मेले म्हणजे नव्वद ठिकाणच्या वर्तमानपत्रांत चार-चार ओळी येतात आणि प्रकरण मिटते.

हे नशिबाने होते असे मानण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः त्यात नशिबापेक्षा पदार्थविज्ञान अधिक आहे. समोर मूल आडवे आले हे ध्यानात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत चांगल्या चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीने तेवढ्यात आठ मीटर कापलेले असतात, आणि कोरड्या रस्त्यावर ती एकंदर तेरा मीटरांच्या आसपास थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी त्याच एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे जेथे पहिली गाडी थांबून उभी राहिली, तेथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. मूल तेच, रस्ता तोच, आणि चालकाचे मनही तितकेच चांगले, फरक वेगाचा. म्हणून जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे वेग ताशी ३० च्या आत असावा, असे २०२० साली स्टॉकहोम येथे जमलेल्या राष्ट्रांनी जाहीर केले. नियमाची पाटी लावून वेग कमी होत नाही, हे आपण सारे जाणतो. रस्त्याचा आकारच असा करावा लागतो की वेगाने जावेसे वाटू नये.

हे कोणाला साधले आहे काय? होय. हॉलंड देशाचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. परंतु तो देश पूर्वीपासूनच सायकलवाल्यांचा, आपले तसे कोठे, असे म्हणून ते झटकले जाते. ही समजूत अपुरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशानेही मोटारीसाठी जुने रस्ते फोडले आणि तेथेही सायकली झपाट्याने कमी झाल्या. १९७१ साली तेथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मग १९७२ साली आईबाप उठले. मुलांची हत्या थांबवा, अशा अर्थाचे नाव घेऊन त्यांनी चळवळ केली आणि रस्ते अडविले. १९७३ साली तेलाची टंचाई आली, सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि लोकांना आपले जुने रस्ते पुन्हा दिसले. आज त्या देशात सायकलीसाठी जी वेगळी वाट दिसते ती पूर्वजांनी ठेवलेली मिरास नव्हे. ती आयांनी भांडून मिळविलेली आहे.

तसेच दक्षिण अमेरिकेतील कुरितिबा शहराचे. आगगाडी बांधण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी १९७४ साली बसलाच स्वतंत्र रस्ता दिला. पुण्याने २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर हा प्रयोग भारतात प्रथम केला. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजलेले. तेथे बससाठी मार्गिका आखली आणि कडेने सायकलमार्ग व पदपथही ठेवले. प्रयोगाचे फळ संमिश्र निघाले. बसथांबा रस्त्याच्या मध्यभागी, आणि तेथे पोचण्यासाठी उतारूला वाहत्या गर्दीतून जीव मुठीत धरून जावे लागे. सायकलमार्गावर गाड्या उभ्या राहिल्या. काही भाग पुढे उखडलाही गेला. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने २०१५ पासून हेच काम अधिक नेटके करून दाखविले. यावरून धडा एवढाच घ्यावयाचा की, बसचा मार्ग, सायकलीचा मार्ग आणि पायवाट ही तीन वेगळी कामे नव्हेत. एकाची कडी तुटली की तिन्ही निकामी.

येथवर ऐकून एखादा श्रोता आम्हांला अडवील. तो म्हणेल, हे सारे पुण्यामुंबईचे आणि परदेशाचे. आमच्या धडगाव-मोलगीकडे असे पाडे आहेत की तेथे रस्ताच नाही. तेथे बाळंतीण बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवितात. अशा जिल्ह्यात तुम्ही पदपथाच्या गोष्टी सांगता?

हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो मनापासून घेतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लाख वस्तीचा. त्यातील जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी. येथे चालणे हा व्यायाम नाही की हौस नाही, ते जगण्याचे साधन आहे. सातपुड्यातली बाई डोक्यावर मोट घेऊन बाजाराला चालते. काठीच्या होळीला लोक कोसकोस चालत जातात. सारंगखेड्याच्या यात्रेला घोडी जितकी येतात त्याहून किती पट पायी माणसे येतात. परंतु यामुळेच आमचा मुद्दा दुबळा होत नसून बळकट होतो. डोंगरात वाट नाही म्हणून जो हाल सोसतो, आणि शहरात वाट असून ती त्याला चालू देत नाही म्हणून जो हाल सोसतो, ते दोघे वेगळे नाहीत. तो एकच मनुष्य आहे. पहाटे तो पाड्यावरून फाट्यापर्यंत चालला, फाट्यावर काळी-पिवळी किंवा एस.टी. धरली, तालुक्याच्या गावी उतरला आणि तेथून कचेरीपर्यंत किंवा मिरचीच्या पथारीवर कामाला पुन्हा चालला. सकाळच्या चालीत त्याला दरीचे भय, दुपारच्या चालीत ट्रकचे. दोन्ही ठिकाणी चूक एकच झाली आहे. योजना आखणाऱ्याच्या नकाशात हा मनुष्य नव्हता.

या नकाशात एक मुलगी मात्र अलीकडे आली आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात, आणि दूरच्या मुलींसाठी शाळेच्या वेळी एस.टी. गाड्या सोडल्या जातात. नंदुरबार जिल्हा त्या कार्यक्रमात आहे. बिहारने २००६ साली अशीच सायकल-योजना काढली, तेव्हा अभ्यासकांना आढळले की माध्यमिक शाळांतील मुलींची पटसंख्या सुमारे बत्तीस टक्क्यांनी वाढली. विशेषतः शाळा दूर असलेल्या गावांत हा फरक अधिक होता. दोन चाकांनी जे केले ते शेकडो भाषणांनी झाले नव्हते. पण सायकल देणे हा अर्धा भाग झाला. ती मुलगी ज्या हमरस्त्याच्या कडेने निघते तेथे तिला चार हात जागा आहे काय? मागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत आला तर ती कोठे उतरेल, चिखलात की खड्ड्यात? बाप ज्या दिवशी म्हणेल की "बाई, रस्ता बरा नाही, तू घरीच राहा," त्या दिवशी ती सायकल कोठीत जाईल, आणि तिच्याबरोबर त्या मुलीचे शिक्षणही. रस्त्याचा प्रश्न आम्हांस शाळेइतकाच महत्त्वाचा का वाटतो, ते यावरून कळावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाप्रमाणे सार्वजनिक रस्ते करणे व दुरुस्त ठेवणे, त्यांवर दिवाबत्ती करणे आणि त्यांतील अडथळे दूर करणे ही नगरपालिकेची ऐच्छिक नव्हे, तर आवश्यक कर्तव्ये आहेत. पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी जागा असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, असे भारतीय रस्ते महासभेने सांगितले आहे. आपल्याकडे पदपथ गुडघ्याएवढा उंच बांधतात, आणि म्हातारी माणसे त्यावर न चढता खालून चालतात. मग पदपथ कोणी वापरीत नाही असा निष्कर्ष काढला जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच म्हटले की, चालण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. कायदा उणा नाही. उणीव आहे ती मागणाऱ्याची.

लोटगाडीवाल्याविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत, कारण पदपथ म्हटले की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. तो स्वतःच पायी चालणारा आहे, आणि त्याचे गिऱ्हाईकही पायीच येते. २०१४ च्या कायद्याने त्याला त्याची जागा ठरवून देण्याची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली आहे. एका उभ्या मोटारीच्या जागेत दोन लोटगाड्या मावतात आणि दोन कुटुंबे जगतात. तेव्हा जागा कोणाची कमी करावयाची, हे ठरविताना हाही हिशेब करावा.

काय करता येईल? आमच्या मते आरंभ लहान असावा. शाळेभोवतीचे दोनशे पावलांचे रस्ते घ्या. तेथे गतिरोधक नीट आकाराचे आणि रंगविलेले करा, झेब्रा पट्टे उंचावर घ्या आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी मोठ्या गाड्या वळवा. मग एस.टी. स्थानकापासून बाजारापर्यंतची एक वाट अशी करा की डोक्यावर बोजा घेतलेली बाई आणि काठी टेकणारा म्हातारा तीवरून न थांबता जाऊ शकेल. थांब्यावर सावली, बाक आणि दिवा द्या. बाजाराच्या दिवशी पेठेचा रस्ता काही तास गाड्यांना बंद ठेवून पाहा. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून डिसेंबरातील एका दिवशी असे करतात. दुकानदार आधी कुरकुरतात. पण गिऱ्हाईक शेवटी पायांनीच दुकानात शिरते, मोटारीने नव्हे. यातील कोणत्याही गोष्टीला उड्डाणपुलाचा पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि पुढील वर्षी पट्टे पुसले गेले तर ते पुन्हा रंगविण्याची लाज.

उरले आपण स्वतः. आम्ही सायकल चालवीत होतो तेव्हा घंटी वाजवून म्हाताऱ्याला बाजूला करीत असू. मोटारसायकल आली तेव्हा भोंगा वाजवून सायकलवाल्याला बाजूला करू लागलो. आता काहींनी मोटारी घेतल्या आहेत. प्रत्येक पायरीवर मागची पायरी विसरणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. पण वयाची साठी उलटली की त्याच क्रमाने उलटे उतरावे लागते. मोटार सुटते, दुचाकी सुटते, आणि अखेर राहतात ते दोन पाय आणि एक काठी. आपण आज तरुणपणी जो रस्ता घडवू, त्याच रस्त्यावरून आपल्याला म्हातारपणी चालावयाचे आहे.

बारा हजार बैलांचा तांडा जाईपर्यंत ताव्हेर्नियेच्या काळचे प्रवासी थांबत, असे वर सांगितले. आपल्याला तीन दिवस थांबण्याचे कारण नाही. शाळेतून घरी निघालेली एक मुलगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडण्यासाठी कडेला उभी आहे, तिच्यासाठी अर्धा मिनिट थांबावयाचे आहे. आज व्याख्यान संपल्यावर घरी जाताना हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.